खेळणं बिघडलं? आता खरी मजा!

माळ्यावर एखादी गाणारी बाहुली, एबीसीडी म्हणणारा चिनी लॅपटॉप किंवा सायरनवाली पोलिसगाडी धूळ खात पडली असेल, तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. अशी खेळणी उघडायची, आतल्या सर्किटमध्ये नको तिथे तार जोडायची आणि कंपनीने कधी कल्पनाही केली नसेल असे आवाज काढायचे, याला म्हणतात सर्किट बेंडिंग. त्या आवाजांवर भिंतीवर जागच्या जागी चित्रं नाचवायची, ती लाइव्ह व्हिज्युअल्स. दोन्ही विद्या कार्यशाळेत हात काळे करूनच येतात. आणि आंबिवलीकरांनो, बिचकू नका. यातला बराच मामला आपल्याच गावकुसातला आहे.

सिनेमाच्या आधी कल्याण
आंबिवलीहून लोकल पकडली की शहाड, पुढचं कल्याण. याच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. चित्रं झटपट बदलून हालचालीचा भास करायचा, सोबत निवेदन आणि गाणी. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली ती ७ जुलै १८९६ला. म्हणजे लाइव्ह व्हिज्युअल्समध्ये कल्याण चार वर्षं पुढे!

ड्रॉवरमधला शॉर्टसर्किट
साठच्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या रीड गझाला या पोराने मागचं झाकण उघडं असलेला छोटा अँप्लिफायर चालू ठेवून ड्रॉवरमध्ये टाकला. सर्किट आतल्या धातूला टेकलं आणि ड्रॉवर महागड्या सिंथेसायझरसारखा गाऊ लागला. मुद्दाम शॉर्ट केलं तर काय होईल, हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर पुरला. ‘सर्किट बेंडिंग’ हे नावही त्याचंच, १९९२चं.

मरता मरता गाणारी सर्किट्स
‘फॉरबिडन प्लॅनेट’ या १९५६च्या हॉलिवूडपटाला सबंध इलेक्ट्रॉनिक संगीत दिलं लुई आणि बीबी बॅरन या नवराबायकोने. हाताने बनवलेल्या सर्किट्सवर इतका भार टाकायचा की ती जळून जावीत, आणि त्यांचा आक्रोश टेपवर घ्यायचा! श्रेयनामावलीत मात्र त्याला ‘म्युझिक’ म्हणायची सोय नव्हती. ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ अशी पळवाट काढावी लागली.

एक रेझिस्टर काढा, बाहुलीचा आवाज फुटेल
मागचे स्क्रू काढले की हिरवी किंवा तपकिरी पट्टी दिसते. तिच्यावरचा काळा डांबरासारखा ठिपका म्हणजे चिप. त्याच्या शेजारी बऱ्याचदा एखादा रेझिस्टर असतो; समजा त्यावर तपकिरी-काळा-पिवळा असे पट्टे आहेत, तर तो १०० किलोओहमचा. अनेक खेळण्यांत असाच एखादा रेझिस्टर चिपचा वेग ठरवतो. तो काढून जागी व्हॉल्यूम कंट्रोल बसवला की गंमत सुरू. एका बाजूला फिरवा, बाहुली चिमणीसारखी चिवचिवते. दुसऱ्या बाजूला फिरवा, निळू फुलेंच्या सुरात दरडावते. व्हॉल्यूम कंट्रोलऐवजी एलडीआर, म्हणजे उजेडानुसार अडथळा बदलणारा भाग, लावला तर टॉर्च हलवूनही सूर वरखाली होतो.

ओलं बोट हेच वाद्य
दोन बोटं जरा ओली करून पट्टीवरच्या सोल्डरच्या दोन टाक्यांवर ठेवा. शरीरातून नगण्य वीज वाहते आणि सूर घसरतो. जोरात दाबलं की त्वचेचा अडथळा कमी होतो, सूर बदलतो. दोघांनी एकेक टाका धरून एकमेकांना टाळी दिली, तर टाळीसुद्धा वाजते ती बाहुलीच्या आवाजात.

बेंजोची जपानी कुंडली
हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला ठाणे जिल्हा ज्याच्यावर नाचतो तो बेंजो मूळचा ‘ताइशोगोतो’. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे तारवाद्य जपानमध्ये १९१२च्या सुमारास तयार झालं, भारतात येऊन बुलबुल तरंग झालं. आपल्याकडच्या पार्ट्यांनी त्याला पिकअप बसवला, अँप्लिफायरला जोडला आणि घरातलं नाजूक वाद्य थेट रस्त्यावर आणलं. कार्यशाळेचं सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही.

राग भैरव, डिस्को ठेका
हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांच्या साथीने दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. टीबी-३०३ खरं तर गिटारवाल्याला बेसची साथ द्यायला बनवलेलं. तेव्हा त्या रेकॉर्डकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे अमेरिकेत त्याच यंत्रातून ‘अ‍ॅसिड हाउस’ जन्मलं आणि २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर जगाने तोंडात बोटं घातली: हे मुंबईत आधीच झालं होतं!

टीव्हीला लोहचुंबक: धपाटा की कला?
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक टीव्हीला लावून रंग विस्कटल्याबद्दल मार खाल्लेली पिढी अजून आहे. नाम जून पाइक या कोरियन कलावंताने १९६५ मध्ये हेच केलं. ते ‘मॅग्नेट टीव्ही’ म्हणून संग्रहालयात गेलं.

पिंगुळी ते हायड्रा
कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत एकेक चित्र पुढे करत, गात-वाजवत चित्रकथी सादर करतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री मिळाला. असंच प्रेक्षकांसमोर चित्र पालटायला आजचे कलावंत ओलिव्हिया जॅकच्या ‘हायड्रा’ या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहितात. ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि एक ओळ बदलली की पडद्यावरचं चित्र तिथल्या तिथे पालटतं. कोडही प्रेक्षकांसमोर उघडाच असतो. लॅपटॉप नाही? साठच्या दशकातले लाइट शोवाले काचेच्या बशीत तेल आणि रंगीत पाणी ओतून ती ओव्हरहेड प्रोजेक्टरवर डोलवायचे. त्यालाही रॉक मैफलींत टाळ्या पडायच्या.

शिकायचं कसं?
पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो ‘काम करत शिकणे’ या एकाच सूत्रावर. तेच इथे लागू. सुटे भाग ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. नियम तीन: फक्त सेलवर चालणारं खेळणं घ्या, भिंतीतल्या २३० व्होल्टच्या वाटेला जाऊ नका, जुना डबा टीव्ही उघडू नका, बंद असतानाही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते. बाकी सगळं बिघडवायला मोकळीक. पहिलं खेळणं बहुधा कायमचं गप्प होईल. म्हणून सुरुवात दोन खेळण्यांपासून करा, आणि मालकाची, म्हणजे घरातल्या सर्वांत लहान सदस्याची, परवानगी आधी घ्या.