आईचे दूध की डब्यातले?

जन्मानंतर तासाभरात बाळाला आईचे दूध द्यावे आणि पहिले ६ महिने फक्त तेच पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिवळसर चीक टाकू नये. तो बाळाला रोगांपासून जपतो. असोद्यासारख्या खान्देशी गावात मे महिन्याच्या उन्हातही अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी लागत नाही. दुधातच ते पुरेसे असते.

दूध खरोखर कमी पडले किंवा आजारामुळे पाजता येत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध द्यावे. त्यासाठी पाणी उकळावे, डब्यावरचे माप पाळावे. पातळ दुधाने बाळ कुपोषित होते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणे सोपे. पावडरऐवजी इतर मातांनी दान केलेले दूधही देता येते; त्यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिचा आधार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मिळतो. भारतात १९९२ च्या कायद्याने पावडरच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे. नाइलाजाने डबा आणावा लागला, तरी आईला बोल लावू नये.