गव्हाचे ‘मटण’ : ताटात असावे, पण एकटे नसावे

गेल्या वर्षावासात विहारातील रविवारची वंदना आटोपल्यावर वस्तीतील एका भगिनीने आम्हांस थांबविले. म्हणाली, “दादा, आम्ही घरात मटण-मच्छी सोडली, अंडीसुद्धा सोडली. आता पोरांना गव्हाचं मटण करून घालते. मोबाईलवर पाहिलं, त्यात मटणाइतकीच ताकद असते म्हणे. मग डाळीचा खर्च तरी कशाला करायचा?” तिचा धाकटा मुलगा सहा वर्षांचा. आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण तिचा शेवटचा प्रश्न हिशेबाचा होता, म्हणून तो हिशेब येथे मांडत आहोत.

हे गव्हाचे मटण म्हणजे काय? उन्हाळ्यात कुरडयांसाठी आपल्या माताभगिनी गहू भिजवून, वाटून चीक काढतात. चीक ठेवतात आणि चोथा बाजूला करतात. येथे नेमके उलटे करायचे. मैदा घट्ट मळून तासभर ठेवायचा आणि मग पाण्यात चोळून चोळून धुवायचा. पांढरे पाणी म्हणजे पिष्ट निघून जाते आणि हाती रबरासारखा चिकट गोळा उरतो. हेच गव्हाचे प्रथिन, म्हणजे ग्लुटेन. त्याचे तुकडे मसाल्याच्या पाण्यात मंद आचेवर पाऊण तास शिजविले की चावायला मांसासारखे लागतात.

हा पदार्थ नवा नाही. चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने भिक्खूंना मांस वर्ज्य करावयास लावले. पुढे तेथील बौद्ध विहारांच्या स्वयंपाकघरांत गव्हाचा हा गोळा रुजला. जपानमध्ये त्यास ‘फू’ म्हणतात. ‘सैतान’ हे त्याचे आजचे नाव 1961 च्या सुमारास जपानमध्येच पडले. आपल्याकडील सैतानाशी त्याचा काही संबंध नाही!

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्यासाठी जनावर मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तर ते मांस भगवंतांनी भिक्खूंना वर्ज्य केले. सरसकट मांसबंदीची देवदत्ताची मागणी मात्र त्यांनी मान्य केली नाही, हे विनयपिटकात नमूद आहे. म्हणून मांस खाणाऱ्याने लाजू नये आणि सोडणाऱ्याने मिरवू नये. प्रश्न आहे तो लेकरांच्या पोषणाचा.

आता जमा बाजू पाहू. 1 किलो मैद्यात सुमारे 100 ग्रॅम प्रथिने असतात. धुतल्यावर साधारण 300 ग्रॅम ओला गोळा मिळतो व त्यात सुमारे 75 ग्रॅम प्रथिने येतात. म्हणजे 100 ग्रॅम गोळ्यात 25 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅमच असतात. चरबी अगदी थोडी, कोलेस्टेरॉल नाही. येथवर मोबाईलवाल्याचे म्हणणे खोटे नाही.

पण खर्चाची बाजू त्याने दाखविली नाही. प्रथिने अनेक घटकांची बनतात. त्यांतील काही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. लायसीन हा त्यांपैकी एक. गिरणीत काम केलेल्यांना ठाऊक आहे, एका रंगाचे सूत संपले की बाकीचे सूत ढीगभर असूनही कापड पुढे विणता येत नाही. ग्लुटेनमध्ये लायसीन गरजेच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून कागदावरचे 25 ग्रॅम शरीराच्या खात्यात पूर्ण जमा होत नाहीत. वाढत्या मुलांना याचा फटका अधिक बसतो.

हीच उणीव डाळ भरून काढते. तूर, मूग, हरभरा, मटकी, चवळी यांत लायसीन भरपूर असते. गव्हाचे मटण करायचे तर त्याच जेवणात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ हवीच. डाळ बंद करून हे खाणे म्हणजे मुद्दल मोडून व्याज मोजण्यासारखे आहे. शिवाय जीवनसत्त्व ब-12 गव्हातही नाही आणि डाळीतही नाही. मांस-अंडी सोडलेल्या घरी दूध, दही, ताक नेमाने असावे. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा सतत थकवा वाटत असेल, तर डॉक्टरांस दाखवावे.

काहींनी तर हा पदार्थ तोंडातही घालू नये. सीलिॲक नावाच्या विकारात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. मुलाला वरचेवर जुलाब होतात, पोट फुगते, वाढ खुंटते, रक्त कमी होते. अशी लक्षणे दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. तपासणीपूर्वी गहू बंद करू नये, नाहीतर दोष पकडला जात नाही. विकार ठरल्यास गहू कायमचा सोडावा लागतो. पण घाबरू नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसते, आणि ती तर आपली जुनीच भाकरी आहे.

ज्यांना हा विकार नाही त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा हौसेने करावे. मीठ आणि सोया सॉस बेताने घालावा, रक्तदाब असणाऱ्यांनी तर जपूनच. धुतलेले पांढरे पाणी फेकू नये. ते निवळू द्यावे आणि खालचा साका त्याच दिवशी धिरड्यात किंवा रस्सा दाट करण्यास वापरावा. नाहीतर किलोभर मैद्यातला बराच भाग मोरीत जातो. रोजच्यासाठी सोयाबीनच्या वड्या सोप्या. त्यांत 100 ग्रॅममागे सुमारे 50 ग्रॅम प्रथिने असतात आणि लायसीनही पुरेसे असते.

हा सारा हिशेब आम्ही त्या भगिनीस वहीवर लिहून दाखविला. पुढच्या रविवारी ती म्हणाली, “दादा, डाळ पुन्हा सुरू केली. गव्हाचं मटण आता मटकीच्या उसळीत टाकते. पोरं वाटीभर जास्त खातात.” आम्हांस तेवढेच हवे होते.