'जोगवा' की 'सैराट'? निलंग्यातला न संपणारा सामना!

निलंग्यात 'अल्बम' म्हणून बघा. आजी कपाट उघडून लग्नाचे फोटो काढते, आणि नातू ओरडतो, "फोटोचा नाही गं आजी, गाण्यांचा!" दोघांत बरोबर कोण? दोघंही!

माहीत आहे का? गाण्यांच्या अल्बमला हे नाव फोटोच्या अल्बमवरूनच पडलं. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रचना मोठी असली की चार-पाच तबकड्या लागायच्या. मग प्रत्येक तबकडी कागदी पाकिटात, सगळी पाकिटं एका पुठ्ठ्याच्या बांधणीत. दिसायला डिट्टो फोटो अल्बम! 1948 मध्ये एलपी आली, अख्खा संच एकाच तबकडीवर बसला, बांधणी गेली. नाव मात्र राहिलं.

त्याही मागे जायचंय? लॅटिनमध्ये 'अल्बम' म्हणजे पांढरा फळा. रोमन लोक त्यावर सरकारी सूचना लिहायचे. नोटीस ते नोटेशन, काय प्रवास आहे!

आता चला थेट मैदानात. एसटी स्टँडजवळची चहाची टपरी. स्टोव्हचा आवाज, काचेचे ग्लास, बाकड्यावर चार टाळकी. एकाच्या मोबाइलवर 'सैराट'मधलं 'झिंगाट' सुरू होतं आणि पलीकडून मामांचा आवाज येतो, "काय लावायलास लेका? बंद कर ते. 'जोगवा' ऐकलास का कधी पुरा?" झालं! पुढचा अर्धा तास चहा थंड, डोकी गरम.

दोन्ही टीम अजय-अतुलच्याच, हे या सामन्यातलं खरं मीठ. संगीतकार तेच, आवाज ओळखीचे, भाषा आपलीच. तरी भांडण! एकाच आईच्या दोन लेकरांत जास्त गुणी कोण, असाच हा वाद.

'जोगवा'वाल्यांचा हुकमाचा एक्का माहीत आहे का? राष्ट्रीय पुरस्कार! 2009 मध्ये पडद्यावर आलेल्या राजीव पाटील यांच्या या चित्रपटाला एका दमात पाच मिळाले. त्यातले तीन गाण्याबजावण्याचे: संगीतासाठी अजय-अतुल, गायक हरिहरन, गायिका श्रेया घोषाल. उरलेले दोन म्हणजे उपेंद्र लिमये सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सामाजिक विषयावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट. मामा हे बोटांवर मोजून दाखवतात.

'सैराट'वाले ऐकतात थोडेच? त्यांचा एक्का थेट हॉलिवूडचा. 'सैराट'चं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड झालं, आणि तिथं रेकॉर्ड झालेलं ते पहिलं भारतीय सिनेसंगीत. हा हॉल साधासुधा नाही. एमजीएमच्या जमान्यात 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत इथंच वाजलं होतं. कुठं ते ऑझ आणि कुठं आपली आर्ची!

एवढ्यात तिसरा खेळाडू घुसतो. "'नटरंग'ला विसरलात का?" 1 जानेवारी 2010, नव्या वर्षाचा पहिला दिवस, आणि थिएटरात ढोलकी. आनंद यादवांची कादंबरी, रवी जाधव यांचा पहिला चित्रपट, गुरू ठाकूर यांचे शब्द. लावणी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दिमाखात परतली ती या अल्बममुळे, असं माझं ठाम मत आहे.

आणि लातूरकरांचा होम ग्राउंड अ‍ॅडव्हान्टेज? 'लय भारी'! बाभळगावच्या देशमुखांचा रितेश 2014 मध्ये मराठी पडद्यावर हिरो झाला तेव्हा संगीत होतं अजय-अतुल यांचं. 2022 च्या शेवटी तो 'वेड'मधून दिग्दर्शक झाला, तेव्हाही संगीत त्यांचंच. आषाढीला 'माऊली माऊली' लागलं की टपरीवरचं भांडण आपोआप थांबतं. पाच मिनिटं. मग परत सुरू.

माहीत आहे का, 'सैराट'ची गाणी सीमेपलीकडेही गेली? निलंगा तालुक्यातल्या औराद शहाजानीहून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. 2017 मध्ये 'सैराट'चा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' आला; नायिका तीच रिंकू राजगुरू, संगीतकार तेच अजय-अतुल. 2018 मध्ये 'धडक'मधून 'झिंगाट' हिंदीत पोचलं. म्हणजे दोन्ही भाषा घरात असलेल्या औरादकराला भांडायला एक जादा मुद्दा: मराठी भारी की कन्नड? इतरांना ही चैन नाही!

पण थांबा. 'सैराट'मध्ये गाणी किती? मोजून चार. चार गाण्यांना अल्बम म्हणायचं का, असा मामांचा सवाल. मग मामा, हे घ्या दुसरं टोक: 'गीतरामायण', गाणी 56! गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांच्या चाली, पुणे आकाशवाणी. सुरुवात 1 एप्रिल 1955, रामनवमी. शेवट 19 एप्रिल 1956, पुन्हा रामनवमी. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. खरं तर 52 पुरली असती, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी वाढली. पंचांगामुळे बोनस ट्रॅक मिळालेला असा अल्बम जगात दुसरा कुठला?

त्यातली आपली गंमत ऐका. 'गीतरामायण' संपलं तेव्हा निलंगा महाराष्ट्रात नव्हताच! तो हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. इथल्या जुन्या कानांवर अभंगाइतकीच कव्वालीही पडलेली. म्हणून एखाद्या निलंगेकर आजोबांचा फेवरेट अल्बम उर्दू निघाला, तर चकित होऊ नका.

आता या फीचरमधली सगळ्यात भन्नाट ट्रिक. तयार? तुमच्या जन्मसालात 14 मिळवा. आलं उत्तर? तेच तुमचं 'गाण्याचं साल'!

ही थाप नाही. 2018 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये स्पॉटिफायच्या आकड्यांचा अभ्यास छापून आला होता. पुरुष मोठेपणी जी गाणी सगळ्यांत जास्त ऐकतात, ती त्यांच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास बाजारात आलेली असतात. बायकांचं हे वय साधारण 13. आकडे तिकडचे, पण आपल्या टपरीवर लावून बघा. 2002 चा जन्म? 2016, 'सैराट'! 1995 चा? 2009, 'जोगवा'! 1984? 1998, मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा'. 1976? 1990, 'आशिकी', विषय संपला. आणि 1963 चा जन्म असेल तर 1977, 'जैत रे जैत'.

'जैत रे जैत'पाशी जरा थांबतो, कारण हा अल्बम मराठवाड्याच्या हक्काचा. ठाकरांच्या डोंगरातली ही गाणी लिहिणारे ना. धों. महानोर आपल्या पळसखेडचे. पिकात उभा राहून कविता करणारा माणूस. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. गाणी डझनाहून जास्त, आणि एकही गाणं गोष्टीतून उपटून काढता येत नाही. सिनेमा बघताना वाटतं, गाण्यांनाच मधेमधे संवाद लावलेत. संध्याकाळी शेताच्या बांधावर बसून एकदा सलग ऐका. मग बोलू.

मग विशीतल्या पोराला 'आशिकी' तोंडपाठ कशी? त्यालाही उत्तर आहे! 2013 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल यांनी तरुणांना जुनी-नवी गाणी ऐकवली. पोरांना आपल्या काळातली गाणी आवडलीच. शिवाय आई-वडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही घट्ट नातं निघालं. आजी-आजोबांच्या जमान्यापर्यंत धागा जात होता. शेत, सोनं आणि गाणी, तिन्ही वारशानं येतात! सातबारावर फक्त गाणी चढत नाहीत.

माहीत आहे का, कॅसेटच्या पोटात किती टेप असते? 60 मिनिटांच्या कॅसेटमध्ये जवळपास 90 मीटर! सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीनं ती सरकते. गुंता झाला की कॅसेट पालथी धरायची, दातेरी भोकात सहाकोनी पेन्सिल घालायची आणि गर्रगर्र फिरवायची. सुरकुतलेली टेप बोटानं सरळ करायची, झाकणावर हलकी टिचकी मारायची. 1980 नंतर जन्मलेल्या, पण मोबाइलच्या आधी वयात आलेल्या प्रत्येकाच्या बोटांना ही कसरत अजून आठवते.

इथंच अल्बमप्रेमाचं गुपित आहे. कॅसेटमध्ये गाणं पुढं ढकलायचं म्हणजे बॅटरी खर्च. म्हणून साइड ए संपली की साइड बी, आवडो न आवडो, पूर्ण ऐकायची. तिसऱ्यांदा न आवडलेलं गाणं दहाव्या वेळी गुणगुणायला यायचं. निलंगा-लातूर काळी-पिवळीत ड्रायव्हरकडं एकच कॅसेट, आणि रोजचे पॅसेंजर त्या कॅसेटचे आजन्म फॅन! मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 मध्ये हेच प्रयोगातून दाखवलं होतं: एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली, तरी ती आवडायला लागते. आपल्या ड्रायव्हरमामांना हे आधीच ठाऊक होतं.

आता एक झटका. सगळ्यांना आवडतं तेच चांगलं? 2006 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. 14,000 हून जास्त लोक, अनोळखी बँडची 48 गाणी. लोकांचे वेगवेगळे गट पाडले. प्रत्येक गटाला फक्त आपल्याच गटात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड झालं ते दिसायचं. निकाल? एका गटातलं सुपरहिट गाणं दुसऱ्या गटात मधेच कुठं तरी लटकलेलं! अगदी भिकार गाणी सहसा वर गेली नाहीत, उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत. मधल्यांचं नशीब मात्र पहिल्या काही ऐकणाऱ्यांच्या हातात. तुमच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या पोरानं 'नटरंग'ऐवजी दुसरंच काही लावलं असतं तर?

बरं, तज्ज्ञांना तरी नक्की माहीत असेल ना? 'रोलिंग स्टोन' मासिकानं 2003 मध्ये सर्वकालीन 500 अल्बमची यादी काढली. पहिला नंबर बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'चा. 2020 मध्ये नव्यानं मतं घेतली, तर पहिला मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आणि 'सार्जंट पेपर्स' थेट 24 वर! अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. मतं देणारे बदलले होते.

यादीचं वेड आपल्याला काय नवं आहे? 1952 पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' होतीच. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं! कोणतं गाणं कोणत्या 'पायदान'वर, यावरून दोस्तांची तोंडं फिरायची. आजची रँकिंगवरची हमरीतुमरी हे त्या पत्रांचंच नातवंड.

आणि माणसं एकाच घरातली असली तरी मतं जुळत नाहीत. लता की आशा? या प्रश्नावर मराठी घरांत जेवणं थांबलीत. 2011 मध्ये गिनीज बुकानं सर्वाधिक स्टुडिओ रेकॉर्डिंगसाठी आशाताईंचं नाव नोंदवलं. लताबाईंच्या बाजूनं मात्र एक अफलातून पत्ता आहे: 'आनंदघन'! या टोपणनावानं त्यांनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं, 'साधी माणसं' त्यातलाच. लोक संगीतकार कोण हे न जाणता त्या चालींच्या प्रेमात पडले. नाव झाकून ऐकलं की कान किती प्रामाणिक होतात बघा.

पण सगळ्यांचे कान तरी सारखे असतात का? बघायला अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जायचं? जायचंच! बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना जोश मॅकडरमॉट या शास्त्रज्ञाच्या चमूनं गोड लागणारे आणि कर्कश लागणारे असे दोन्ही स्वरमेळ ऐकवले. हा अभ्यास 2016 मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यांना दोन्ही सारखेच बरे वाटले! आपल्या कानात खुपणारे सूर तिथं कुणालाच खुपत नाहीत.

आणि तुमच्या ग्रुपमधला तो एक मित्र, ज्याला कुठलंच गाणं भिडत नाही? त्याला दगड म्हणू नका. 2014 मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांना अशी माणसं सापडली. तब्येत ठणठणीत, बक्षिसाचे पैसे जिंकले की खूश, पण संगीताचा आनंद शून्य. मेंदूची ठेवणच तशी. त्याला चहा पाजा, वादात पंच करा!

सगळ्यात जुना दाखला आपल्याच घरचा. कालिदासाच्या 'रघुवंशा'त, सहाव्या सर्गात, इंदुमतीचं स्वयंवर आहे. अंग देशाचा राजा देखणा, गुणी. तरी ती पुढं जाते. कवी सांगतो, तो नकोसा होता असं नाही, तिला पारख नव्हती असंही नाही. आवडी वेगवेगळ्या असतात, बस. दीड हजारावर वर्षं झाली, टपरीवरच्या वादाला यापेक्षा नेमकं उत्तर मला भेटलेलं नाही.

लातुरातल्या गाड्यावर गरमागरम निलंगा राइस मागा. ताट तेच, भात तोच. एकाला वरून लिंबू लागतं, दुसऱ्याला कांदा, तिसरा म्हणतो अजून तिखट टाका. भाताला जे चालतं ते गाण्याला का चालू नये?

माझं मत विचाराल तर 'जोगवा'. पुरस्कारांसाठी नाही. 'जीव रंगला' सुरू झालं की हातातलं काम थांबतं, म्हणून. 'सैराट' नाचवतो, 'नटरंग' टाळ्या घेतो, 'जोगवा' गप्प करतो, आणि मला गप्प करणारं संगीत सगळ्यांत मोठं वाटतं. टपरीवरची तरुण पोरं हे कधीच मान्य करणार नाहीत.

तर मंडळी, जन्मसाल अधिक 14 करा, त्या सालचा एक अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐका, आणि मग या निलंग्याला. चहा आमच्याकडून. 'जोगवा' म्हणा, 'सैराट' म्हणा, 'गीतरामायण' म्हणा, जोरात म्हणा. फक्त "सगळेच चांगले" म्हणू नका!