नववीची गळती जूनमध्ये दिसत नाही

बीड जिल्ह्यात एखादं मूल हायस्कुलातून गळालं की कारणं तयारच असतात. अभ्यासात गोडी नव्हती, घरची गरिबी होती, मुलगी मोठी झाली होती. तिन्ही कारणांत थोडंथोडं तथ्य आहे. पण एवढ्यानेच गळती होत असती, तर ती पहिलीपासून दहावीपर्यंत सारखीच पसरलेली दिसली असती. तसं दिसत नाही. शाळांची सरकारी माहिती ठेवणाऱ्या यू-डायस प्लसच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशात प्राथमिक स्तरावर गळती साधारण दीड टक्का होती, उच्च प्राथमिकला तीन टक्के आणि नववी-दहावीला १२.६ टक्के. घर तेच, गरिबी तीच, मूलही तेच. मग आठवी ओलांडताच गळती चौपट का व्हावी? माझं उत्तर असं, की आठवीपर्यंत मुलाला धरून ठेवणारे आधार नववीच्या उंबऱ्यावर जवळजवळ एकाच वेळी सुटतात, आणि त्या क्षणी मूल नेमकं कुणाच्या हाती द्यायचं हे ना घराने ठरवलेलं असतं ना शाळेने. गोडी, गरिबी आणि वय यांचा जोर चालतो तो या मोकळ्या जागेत.

हे आधार कोणते ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेतलं दुपारचं जेवण आठवीपर्यंत. बालभारतीची मोफत पुस्तकं आणि गणवेशही आठवीपर्यंत. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या मुलांना सकाळ-संध्याकाळचं जेवण देणारी जिल्हा परिषद शाळांमधली हंगामी वसतिगृहं, तीही याच वयोगटासाठी आखलेली. बालमजुरीच्या कायद्याचं कुंपणही इथेच सैल होतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर, शाळेची वेळ सांभाळून घरच्यांना केलेली मदत वगळता, चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मात्र बंदी आहे ती फक्त धोकादायक कामांची. शाळेचा कायदेशीर हक्क ज्या वयाला संपतो त्याच वयाला मजुरीची वाट मोकळी होते. आणि ऊसतोडीच्या फडावरचा हिशेबही तेव्हाच बदलतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. आतापर्यंत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, धाकट्यांना सांभाळणारा मुलगा चौदा-पंधराव्या वर्षी पहिल्यांदाच अर्ध्या कोयत्यात मोजता येतो. गरिबी आधीही होती. नववीच्या वर्षी मुलाच्या हातांना भाव येतो आणि शाळेकडून मिळणारं त्याच वर्षी बंद होतं, म्हणून तिचा निकाल बदलतो.

दुसरा समज असा, की शाळा बदलली तरी मुलं आठ-पंधरा दिवसांत आपोआप रुळतात. काही रुळतात. पण बदल किती मोठा आहे ते जवळून पाहायला हवं. वस्तीवरच्या किंवा छोट्या गावातल्या शाळेत दोन-तीन गुरुजी असतात. मुलाचं घर, भावंडं, आईबाप कोणत्या कारखान्यावर जातात, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. मोठ्या गावच्या जिल्हा परिषद प्रशालेत किंवा संस्थेच्या विद्यालयात दर तासिकेला नवे सर येतात. आठवीला गणिताचं एक पुस्तक होतं. नववीला भाग एक आणि भाग दोन अशी दोन होतात, सामान्य विज्ञानाच्या जागी विज्ञान आणि तंत्रज्ञान येतं. ही पुस्तकं, वह्या आणि कंपास आता विकत घ्यायचा असतो. मूल चार दिवस आलं नाही तर प्रत्येक विषयशिक्षकाला वाटतं, वर्गशिक्षकांनी चौकशी केली असेल. शाळाबदलाचा फटका खेड्यातल्याच मुलांना बसतो असंही नाही. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांचा जोना रॉकऑफ आणि बेंजामिन लॉकवूड यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीला वेगळ्या शाळेत गेलेली मुलं त्याच वर्षी गणितात आणि भाषेत मागे पडली. आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्यांच्या बाबतीत तसं घडलं नाही. सोयीसुविधा असलेल्या शहरात हे होत असेल, तर पाटोदा किंवा धारूरच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या मुलाने न सांगता रुळावं ही अपेक्षा अवाजवी आहे.

मग शाळेने लक्ष द्यावं कधी? सगळ्यांचं लक्ष जूनवर असतं. प्रवेशोत्सव जूनमध्ये, गुलाबपुष्प जूनमध्ये, पटनोंदणीची धावपळही तेव्हाच. यू-डायससाठी पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा. पण बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे आणि पुढे कर्नाटकात. गाळप आटोपून माणसं परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ चा १२ ऑक्टोबरला, २०२५ चा २ ऑक्टोबरला. तिन्ही वर्षी पट मोजून झाला आणि मग गाड्या हलल्या. म्हणून ‘आमच्या शाळेत शंभर टक्के पट आहे’ हे विधान खरं असू शकतं आणि दिवाळीच्या सुटीनंतर नववीचे बाक रिकामे असणंही खरं असू शकतं. नोंदणी आणि उपस्थिती यांतला हा फरक कागदावर यायचा, तर शाळेने आपल्यापुरती दुसरी मोजणी दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात करावी, आणि कोण आलं नाही याची नावानिशी यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावी. त्याहून महत्त्वाचं बोलणं पावसाळ्यातच व्हायला हवं. उचल ठरताना मुलाला कोयत्यात धरलं की नंतर समजूत घालून उपयोग होत नाही. पैसे खर्च झालेले असतात आणि मुकादमाला माणूस द्यायचा असतो. पालकसभा दिवाळीनंतर घेण्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी आणि त्यात एकच प्रश्न प्रत्येक घराला विचारावा: हंगामात हे मूल कुठे राहणार, कुणाजवळ जेवणार?

या प्रश्नाला सरकारी उत्तरं आहेतच की, असा आक्षेप येईल. आहेत, पण ती माहीत असणं आणि वेळेत मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली; ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागा. हंगामी वसतिगृह आठवीला थांबतं, ही योजना त्यापुढेही जाते. पण एका तालुक्यात शंभर मुलं आणि शंभर मुली ही क्षमता ऊसतोडीच्या पट्ट्याला पुरणारी नाही, त्यामुळे अर्ज आधी करणाऱ्याला लाभ होतो. आठवीत द्यायची एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा अशीच महत्त्वाची आहे: निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. नववीत बंद होणाऱ्या मदतीची काही प्रमाणात भरपाई करणारी ही रक्कम आहे, आणि तिचा अर्ज जुन्या शाळेत असतानाच भरायचा असतो. म्हणजे माध्यमिक शाळेची तयारी सातवी-आठवीच्या गुरुजींकडे सुरू होते. दाखल्याचंही तसंच. शाळा सोडल्याचा दाखला हातात नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. २०२१ मध्ये राज्याने नववी-दहावीलाही तशी सवलत दिली. ‘आधी दाखला आणा’ असं सांगून परत पाठवलेलं मूल पुन्हा येईलच याची खात्री कोण देणार?

आता सर्वांत ठाम समजाकडे येऊ: आठवीपर्यंत नापास करत नाहीत, म्हणून पोरं कच्ची राहतात आणि नववीत कोसळतात. यातली अर्धी गोष्ट खरी आहे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या चौदा ते अठरा वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं फक्त ४३.३ टक्क्यांना जमलं. अशा मुलाला बहुपदी शिकवणं म्हणजे त्याला वर्गात बसवून बाहेर ठेवणं. पण याचं खापर ‘नापास नाही’ या कलमावर फोडताना त्याच कायद्याचं कलम २४ विसरलं जातं. प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी तपासून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणं हे त्यात शिक्षकाचं कर्तव्य म्हणून नोंदवलेलं आहे. पहिलं कलम पाळलं गेलं, दुसरं राहिलं. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याचा नियम केला. धाक असला की मुलं अभ्यास करतात, असं यामागचं म्हणणं. धाकाने पाठांतर होईल. भागाकार न येणाऱ्याला तो कुणीतरी पुन्हा शिकवावाच लागतो. काय उपयोगी पडतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ दरम्यान ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची काटेकोर चाचणी झाली. मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून मूलभूत वाचन-गणित शिकवल्यावर त्यांचे गुण लक्षणीय वाढले. ती मुलं तिसरी-चौथीची होती हे मान्य. पण नववीच्या जूनमध्ये एक उतारा आणि चार गणितं देऊन पातळी पाहणं आणि दसऱ्यापर्यंत रोजची एक तासिका त्यासाठी राखणं, याला कोणत्याही प्रशालेला नव्या आदेशाची गरज नाही.

‘आईबाप अडाणी, ते काय मदत करणार?’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतं आणि आईबाप स्वतःही म्हणतात. ते चुकीचं आहे, आणि त्याने फार नुकसान झालं आहे. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये या वयाच्या मुलांवरच्या पन्नास अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. घरी अभ्यास करून घेण्याचा मुलांच्या प्रगतीशी सकारात्मक संबंध दिसला नाही. सर्वांत घट्ट संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टीचा: शिकून काय व्हायचं याबद्दल घरात बोललं जातं का, मुलाकडून अपेक्षा ठेवली जाते का, शाळेतल्या गोष्टी पुढच्या आयुष्याशी जोडल्या जातात का. यातल्या कशालाही बीजगणित येण्याची अट नाही. फडावरून रात्री फोन करून ‘आज शाळेत गेलतास का, काय शिकवलं?’ असं विचारणारी आई हेच करत असते. तिच्याकडे वर्गशिक्षकांचा नंबर असावा आणि वर्गशिक्षकांकडे तिचा. गावात राहणाऱ्या आजीचा किंवा चुलत्याचाही. हे अभ्यास परदेशातले आहेत, बीडला कसे लागू होतील, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. पण अक्षरओळख नसलेल्या पालकांना ‘तुमचं काम नाही’ असं सांगण्यासाठी तर कोणताच पुरावा नाही.

मुलींबद्दलचा समज मात्र केवळ माहिती देऊन जाणारा नाही, कारण त्यामागची भीती खरी आहे. आईबाप सहा महिने बाहेर, मागे म्हातारी आजी, शाळा दुसऱ्या गावात आणि वाटेत निर्मनुष्य रस्ता. अशा वेळी लग्न लावून देणं हाच सुरक्षित मार्ग वाटतो, आणि जोडप्याचा एक कोयता होतो हा हिशेबही त्याला येऊन मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं; राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. या भीतीला उपदेश हे उत्तर नाही. लग्नाने सुरक्षितता येत नाही, कोवळ्या वयात कोयता आणि बाळंतपण दोन्ही वाट्याला येतं, हे आईला सांगायची गरज नसते. ती स्वतः त्यातून गेलेली असते. तिला हवा असतो दुसरा रस्ता. तो दिला की लोक तो धरतात, हे बिहारमध्ये दिसलं. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली मिळू लागल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत झाली. लोकांची मतं एका वर्षात बदलली नव्हती. अंतर कमी झालं होतं. सायकलवर मुली घोळक्याने जातात, त्यामुळे रस्ताही एकटीचा राहत नाही. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवीपासून मुलींना सायकल आणि बसची सोय आहे, एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास पाचवीपासून बारावीपर्यंत मिळतो. पासाचे अर्ज जूनमध्येच भरून घेणं, बसची वेळ शाळा सुटण्याशी जुळत नसेल तर आगारप्रमुखांकडे लेखी पाठपुरावा करणं, हे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. आणि नववीतली मुलगी तीन-चार दिवस न सांगता गैरहजर राहिली, तर तिच्या घरी कुणीतरी जायला हवं. लग्न ठरत असल्याची कुणकुण लागली तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवता येतं, आणि गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो.

शेवटचा समज मुलांमध्येच पसरलेला आहे: शाळा सुटली तरी काय, पुढे खासगी विद्यार्थ्यांसाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते. देता येते, आणि ज्यांची शाळा खरोखर सुटली त्यांच्यासाठी ही वाट मोलाची आहे. गळालेल्या प्रत्येक मुलाला शाळेने ती सांगावी, फॉर्म भरायला मदत करावी. पण जे मूल आज वर्गात आहे, त्याने या भरवशावर नववी सोडू नये. १७ नंबरच्या विद्यार्थ्याला रोजची तासिका नसते, कुणी वही तपासत नाही आणि हजेरीत नाव नसल्यामुळे तो आला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. फडावर दिवसभर मोळ्या बांधून रात्री कोपीत अभ्यास करणं किती जणांना जमेल, याचा विचार उचलीवर अंगठा उठण्याआधी व्हायला हवा.