युबा सिटीचा नंबर शेवटचा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभी होती. तिच्या हातात घडी घातलेला एक छापील कागद होता. मुलाला अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची लॉटरी लागली होती आणि कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यातील एका शेतीच्या गावी, ओळखीच्या एका कुटुंबाजवळ, जाऊन राहावे असे त्याच्या मनात होते. कागदावर अमेरिकेतील राहण्यास चांगल्या ठिकाणांची यादी होती. "गुरुजी, हे गाव तर पार खाली आहे हो. असल्या ठिकाणी पोराला कसे धाडू?" असे तिने विचारले. मला तेव्हा उत्तर देता आले नाही. दोन दिवसांनी सांगतो म्हणालो आणि वाचायला बसलो.

अमेरिकन माणसाला अशा याद्या करण्याची हौस जुनी आहे. 1931 साली एच. एल. मेंकन ह्या खवचट संपादकाने चार्ल्स अँगॉफ ह्यांच्यासह 'अमेरिकन मर्क्युरी' मासिकात एक लांबलचक लेखमाला छापली. विषय हा की अमेरिकेतील सर्वांत वाईट राज्य कोणते? संपत्ती, शिक्षण, आरोग्य, गुन्हे, असे आकड्यांचे ढीग त्यांनी रचले. पहिले आले मॅसॅच्युसेट्स, शेवटचे मिसिसिपी.

पण मला खरी भेटली ती युबा सिटी. 1981 साली रिचर्ड बॉयर आणि डेव्हिड सॅव्हाजो ह्या दोघांनी 'प्लेसेस रेटेड अल्मनॅक' नावाचे जाडजूड पुस्तक काढले. त्यात अटलांटा पहिले होते. 1985 च्या आवृत्तीत 329 शहरी विभाग घेतले होते. हवामान, घरे, आरोग्य, गुन्हे, वाहतूक, शिक्षण, कला, करमणूक आणि आर्थिक स्थिती अशा नऊ बाबींत प्रत्येक शहराचा नंबर काढायचा, नऊ नंबरांची बेरीज करायची, बेरीज ज्याची सर्वांत कमी तो पहिला. पहिले आले पिट्सबर्ग. तिथले पोलादाचे कारखाने तेव्हा एकामागून एक बंद पडत होते आणि हजारो कामगार घरी बसले होते, त्यामुळे ऐकणारे चकित झाले. 329 वा नंबर लागला कॅलिफोर्नियातील युबा सिटीचा. तिथल्या लोकांना इतका राग आला की पुस्तकाचे प्रकाशक रँड मॅकनॅली ह्यांचे छापील साहित्य त्यांनी चक्क जाळले!

ही युबा सिटी कोणाची, हे आपल्यासारख्यांनी जाणून घेण्याजोगे आहे. फेदर नदीच्या काठचे हे गाव. पीच, आलुबुखार, अक्रोड आणि भात ही तिथली पिके. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून गेलेले शेतमजूर ह्या भागात राबले. आपले पूर्वज जहाजातून उतरून उसाच्या मळ्यात गेले, ते फळबागांत गेले. 1913 च्या कायद्याने त्यांना स्वतःच्या नावावर जमीन घेता येईना, आणि स्थलांतराच्या कायद्यांमुळे देशातून बायको आणता येईना. म्हणून कितीतरी जणांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली. 1946 साली हिंदुस्थानच्या लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, 1965 च्या कायद्याने दार आणखी उघडले, आणि मजुरांची मुले-नातवंडे बागांचे मालक झाली. 1980 पासून तिथे दर वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरकीर्तन निघते. अमेरिका आणि कॅनडातून हजारो शीख येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लंगर लागतो, शीख असो वा नसो, कोणीही जेवावे, पैसा नाही. 2009 साली कॅश गिल तिथले नगराध्यक्ष झाले, आणि 2017 साली प्रीत दिडबाल ह्या बाई.

आता सांगा, पुस्तकाच्या 'कला' ह्या रकान्यात ह्याला किती गुण मिळतील? तिथे संग्रहालये आणि वाद्यवृंद मोजायचे असतात. आपल्या गावच्या बैठकेतले भजन, गणपतीतली झाकरी ह्यांना त्या हिशेबाने शून्यच मिळेल. तरीही युबा सिटीची बाजू घेताना हेही सांगायला हवे की सारे काही गोड नव्हते. बागेतले काम हंगामापुरते, हंगाम सरला की बेकारी. मोठे विद्यापीठ नाही. शिवाय 1955 च्या नाताळच्या आदल्या रात्री बांध फुटून पूर आला आणि माणसे बुडून मेली, ती भीती अजून जुन्या लोकांच्या मनात आहे.

पुढची गंमत मला शिक्षक म्हणून फार आवडली. बेल लॅबोरेटरीजमधील चार संख्याशास्त्रज्ञांनी तीच 1985 ची आकडेवारी घेतली. आकडा एकही बदलला नाही, फक्त कोणत्या बाबीला किती वजन द्यायचे तेवढे बदलून पाहिले. 1987 साली त्यांनी निष्कर्ष छापला. वजने हवी तशी लावली तर 134 शहरे पहिली येऊ शकतात आणि 150 शहरे शेवटची. आणि 59 शहरे अशी की तीच पहिलीही येतील आणि तीच शेवटचीही!

विश्वास बसत नसेल तर फळ्यावर मांडून पाहा. एका मुलाला गणितात 90 आणि फ्रेंचमध्ये 60, दुसऱ्याला गणितात 60 आणि फ्रेंचमध्ये 90. बेरीज सारखीच. गणिताचे गुण दुप्पट धरले की पहिला हुशार, फ्रेंचचे धरले की दुसरा. मुले तीच, पेपर तेच. आमच्या वेळी सी.पी.ई.ला देशभर नंबर लागत असे, हे चाळिशीच्या वाचकांना सांगायला नको. त्या नंबरावर कोणते कॉलेज ते ठरायचे, आणि घरोघरी निकालाच्या दिवशी चूल पेटत नसे. 2002 साली तो नंबर गेला, पुढे परीक्षाही बदलली. एका गुणाच्या फरकाने कितीतरी मुले मागे पडायची आणि त्या एका गुणात मुलाचा दोष काहीच नसायचा, हे मी स्वतः अनुभवले आहे.

मग सगळ्याच याद्या खोट्या काय? तसे म्हणून मी मोकळा झालो असतो, पण मिसिसिपीने मला अडवले. 2008 साली 'द मेझर ऑफ अमेरिका' हा अहवाल निघाला. महबूब उल हक आणि आपले अमर्त्य सेन ह्यांच्या विचारातून 1990 मध्ये जो मानव विकास निर्देशांक तयार झाला, तोच अमेरिकेच्या राज्यांना लावून पाहिला. आयुष्य किती, शिक्षण किती, कमाई किती, एवढ्या तीनच गोष्टी. पहिले कनेक्टिकट, शेवटचे पुन्हा मिसिसिपी. मेंकनच्या यादीनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! इथे वजनांची हातचलाखी फारशी चालत नाही, कारण तिन्ही रकान्यांत ते राज्य तळाजवळच होते. 2024 साली तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे 9.7 बाळे वर्षाच्या आत दगावली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याला ह्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. असा आकडा जाळून टाकता येत नाही. तो भिंतीवर लावून ठेवला पाहिजे.

आणखी एक यादी गॅलपची. तिच्यात दवाखाने आणि नाट्यगृहे मोजत नाहीत, माणसांनाच त्यांच्या जगण्याविषयी विचारतात. त्यात हवाई बेटे बऱ्याच वर्षी पहिली आली, 2018 सालीसुद्धा, आणि वेस्ट व्हर्जिनिया त्या वर्षी सलग दहाव्यांदा शेवटी. बेट पहिले आल्याचा मलाही आनंद झाला, का खोटे बोला! पण त्याच हवाईत घरांच्या किमती इतक्या की तिथली तरुण मुले लास व्हेगासला जाऊन राहतात. उसाचा शेवटचा कारखाना माउई बेटावर डिसेंबर 2016 मध्ये बंद झाला. त्याच माउईवर ऑगस्ट 2023 मध्ये लाहायना गाव आगीत जळाले आणि सुमारे शंभर माणसे गेली.

दोन दिवसांनी त्या आईकडे गेलो. म्हटले, काकी, हा कागद उलटा करा. मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही दोघांनी प्रश्न लिहिले. दवाखाना किती लांब? गाडी नसेल तर बस आहे का? खोलीचे भाडे पगाराच्या किती? हिवाळ्यात बागेचे काम थांबले की दुसरे काय? रात्री ताप आला तर दार कोणाचे वाजवायचे? तिने मुलाकडून फोनवर एकेक विचारून घेतले. बसचे उत्तर वाईट आले, भाड्याचे बरे, शेवटच्या प्रश्नाला त्या कुटुंबाने स्वतःच फोन हातात घेऊन उत्तर दिले. मुलगा गेला. पहिल्या हिवाळ्यात दोन महिने त्याला काम नव्हते, हे त्याने आईला लपवले, मला कळवले. आता तो एका गोदामात कायमचा आहे, आणि जुनी का होईना, त्याने गाडी घेतली आहे.

कागद काकींनी मलाच देऊन टाकला. सरासरी शिकवायची वेळ आली की तो मी वर्गात घेऊन जातो.