कळ आली? दम धर!

मागच्या रविवारी ऑफिसची गँग सिंहगडावर निघाली. वाटेत मी झणझणीत मिसळ हाणली, वर गोड ज्यूसची अख्खी बाटली रिचवली. आतकरवाडीतून चढायला लागल्यावर अर्ध्या तासातच उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की वाटलं, संपलं सगळं! नवा ट्रेनी टणाटण पुढे आणि अस्मादिक दगडावर.

रोज पळणारी एक मैत्रीण थांबली. 'अरे, साइड स्टिच आहे ही. दुखतंय तिथे हाताने दाब, जरा पुढे वाक, सावकाश खोल श्वास घे.' काही मिनिटांत कळ ओसरली.

ही कळ नेमकी का येते, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पोटाच्या आतल्या अस्तराला त्रास होतो, असा एक अंदाज. पण भरलेलं पोट आणि गोड पेयं तिला आमंत्रण देतात. तेव्हा दोस्तांनो, भरपेट खाल्ल्यावर दोन-तीन तास थांबा, पाणी घोट घोट प्या, सुरुवात हळू करा. थांबूनही दुखणं गेलं नाही किंवा छातीत दुखलं, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

मी? वर पोचलो. सगळ्यात शेवटी, पण स्वतःच्या पायांवर!