जामखेड : रुग्णालयाकडून गावाकडे

प्रतिबंधक आणि उपचारात्मक सेवा एकत्र द्याव्यात, अशी शिफारस भोर समितीने १९४६ साली केली. तिला अनुसरून १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमांतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. तथापि, इमारत उभी राहिली म्हणजे आरोग्य घराघरांत पोहोचले, असे झाले नाही. या उणिवेवरील उत्तर तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात शोधले गेले.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झाले होते. प्रारंभ उपचारापासूनच झाला, कारण दुखणे बरे केल्याखेरीज लोकांचा विश्वास मिळत नाही. मात्र १९७२ च्या दुष्काळात लोकांची पहिली मागणी होती पाण्याची. प्रकल्पाने कूपनलिका खोदताना हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसविले. पाण्यासाठी सर्वांना तेथेच यावे लागले. आरोग्य हा केवळ वैद्यकाचा विषय नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

गावोगावी परिचारिका नेमण्याचा पहिला प्रयोग मात्र फसला. बाहेरून आलेल्या एकट्या तरुणीला गाव आपले मानीना. तेव्हा गावातीलच स्त्रीची निवड करण्यात आली. यांतील अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत. अतिसारावर मीठ-साखरेचे पाणी देणे, गरोदर स्त्रीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, बालकांचे वजन ही कामे त्यांनी हाती घेतली. रुग्णालयाकडे उरली ती गुंतागुंतीची प्रकरणे. अर्थशास्त्राच्या भाषेत, महागड्या खाटेचा वापर तिच्या योग्य कारणासाठीच होऊ लागला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तीसच्या खाली आला.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली या प्रयोगाची दखल घेतली. १९७८ च्या अल्मा आटा परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा पुरस्कार झाला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही याच विचाराची वारस मानली जाते. परंतु साम्य पूर्ण नाही. आशासाठी मूळ निकषात आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अट होती, आणि तिचा मोबदला मुख्यतः कामागणिक ठरतो. लसीकरण, प्रसूती अशा मोजता येणाऱ्या कामांना त्यामुळे अग्रक्रम मिळतो. गावाला संघटित करण्याचे श्रम हिशेबात येत नाहीत. दुसरी उणीव वरच्या पायरीवर आहे. तीस खाटांच्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ अपेक्षित असतात. २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार ही तूट गरजेच्या सुमारे ८० टक्के होती. गावातील कार्यकर्तीने वेळेवर ओळखलेली अवघड बाळंतीण अशा वेळी जिल्ह्याच्या ठिकाणीच न्यावी लागते.